माइक सोडा, झील धरा

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"वय ५८. बँकेत नोकरी, निवृत्तीला आठ महिने. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिचं लग्न मार्गशीर्षात जळगावच्या एका लॉन्सवर ठरलंय. व्याही नाशिकचे. त्यांच्या घरात गाणं आहे. विहीणबाई शास्त्रीय शिकलेल्या, जावई हार्मोनियम वाजवतात. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण 'ही चाल तुरुतुरु' हे माझं गाणं. तीस वर्षं बँकेच्या प्रत्येक सहलीत मी ते म्हटलं. पाटणादेवी म्हणा, पद्मालय म्हणा, उनपदेव म्हणा, बसनं गाव सोडलं की मागून ओरडा व्हायचा, 'साहेब, तुरुतुरु!' मागच्या वर्षी पुतण्याच्या संगीतला तेच कराओकेवर म्हटलं. टाळ्या पडल्या, व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, त्यावर हसण्याचे इमोजी आले. आता मुलगी फोनवर म्हणते, 'पप्पा, माझ्या संगीतला तुम्ही गाऊ नका हं, प्लीज.' बायकोही तिच्याच बाजूनं. मला फार लागलं. दोन महिने गाण्याचा क्लास लावू? त्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहू? की खर्च मी करतोय तर गाणारच, असं सांगून टाकू? आजकालच्या पोरांना जुनं काही नकोच असतं. तुमचा, एक बेसूर बाप."

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूनं, एकदा तुमच्या लेकीच्या. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट अडली. ज्या गाण्यासाठी माणसं तीस वर्षं तुमच्या नावानं ओरडत होती, ते वर्षभरात नकोसं कसं झालं? गाणं तेच. गळाही तोच, आणि तो कधीकाळी फार सुरेल होता असं तुम्हीसुद्धा म्हणत नाही. मग बदललं काय? मला एकच गोष्ट दिसते. बसमध्ये तुमच्या हातात माइक नव्हता.

ती बस आठवून बघा. तुम्ही 'ही चाल' एवढंच म्हणत असाल. 'तुरुतुरु' म्हणायला मागची चाळीस माणसं टपून बसलेली. कुणी सीटच्या दांडीवर ताल धरलाय, कुणी चिवड्याचा डबा बडवतंय, कॅशियरबाई एक ओळ पुढे, शिपाई एक ओळ मागे. त्यात साहेबांचा सूर लागला की नाही हे बघायला फुरसत कुणाला? आणि गंमत म्हणजे तो सगळा गलका कानाला बरा लागतो. पुष्कळ माणसं एकदम गातात तेव्हा कुणी थोडं वर असतं, कुणी थोडं खाली, आणि आपला कान त्यातला मधला सूर धरून बसतो. म्हणून आरती बेसूर वाटत नाही. त्याच पंचवीस जणांना एकेकटं उभं करून आरती म्हणायला लावली, तर बाप्पा मखर सोडून जातील.

कराओकेत नेमकं हेच केलं जातं. चाळीसातला एक वेचून काढायचा, त्याचा आवाज लॉनभर पसरवायचा आणि मागे मूळ गाण्याच्या पट्टीतला ट्रॅक लावायचा. ती पट्टी कुणाच्या गळ्याची? जयवंत कुलकर्ण्यांच्या. दादा कोंडक्यांच्या सिनेमातून ज्यांचा आवाज घुमला, त्या माणसाच्या. तुम्ही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी रात्रीच्या थंडीत ती गाठायला निघालात. त्यात स्पीकरची तोंडं पाहुण्यांकडे, म्हणजे तुमचा आवाज तुम्हालाच धड ऐकू येईना. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, आणि ओरडला की सूर जागचा हलतो. ऑर्केस्ट्रावाले म्हणूनच गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून वेगळा स्पीकर ठेवतात. तुमच्या पायाशी काय होतं? बहुतेक फुगे.

तेव्हा 'बेसूर बाप' ही सही मी तूर्त मान्य करत नाही. आरतीत दुसरा कुणी घसरला तर तुम्हाला कळतं का? कळत असेल, तर कान ठीक आहे. ज्यांना खरोखरच सूर कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांचा कान शाबूत असतो, गळ्याला सवय नसते एवढंच.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण ते मला मुळीच पटलं नाही. पोरांना जुनं नको असतं? परवा कोजागिरीला आमच्या गल्लीत लहान मुलींनी गुलाबाईची गाणी म्हटली, खाऊ ओळखून झाला, गुलाबाई बोळवली. मग गच्चीवर कॉलेजची पोरं-पोरी जमली. ब्लूटूथ स्पीकरवर आधी अहिराणी गाणी झाली, नाचून झालं, आणि दूध आटेपर्यंत स्पीकरची बॅटरी संपली. दोन मिनिटं सगळे गप्प. मग एका पोरानं सुरू केलं काय, तर तुमचं 'ही चाल तुरुतुरु'. त्यातल्या एकाचाही जन्म ते गाणं आलं तेव्हा झालेला नव्हता. मुखडा सगळ्यांना येत होता, अंतरा कुणालाच येत नव्हता. अंतऱ्याला गुणगुण, गुणगुण, आणि मुखडा आला की पुन्हा आभाळ फाटेल असा आवाज. शेजारचे काका ओरडायला आले ते 'भुरुभुरु'ला सामील होऊन गेले.

हे गाणं का टिकलं, याचं निम्मं उत्तर त्या गच्चीवर आहे. शब्द शांता शेळक्यांचे. तुरुतुरु, भुरुभुरु हे शब्द आपल्याला कुणी शिकवलेले नसतात, पाळण्यातच कानावर पडलेले असतात. त्यांचा ताल त्यांच्या पोटातच आहे, चुकीचा म्हणायचा म्हटला तरी म्हणता येत नाही. ओळी तुकड्यातुकड्यांच्या, त्यामुळे दम लागत नाही. मधूनच सामील झालात तरी चालतं. ज्याला गाता येत नाही त्याला 'ये, तुझ्यासाठी जागा आहे' म्हणणारं गाणं आहे ते.

आणि ही जागा अपघातानं राहिली असं मला वाटत नाही. चाल देवदत्त साबळे यांची, म्हणजे शाहीर साबळ्यांच्या मुलाची. शाहिराच्या घरातला माणूस झील विसरेल कसा? शाहीर एक ओळ फेकतो, मागचे झीलकरी ती उचलतात, 'जी जी' करत परत त्याच्या हातात देतात. झीलकरी कुणी मोठे गवई असतात असं नाही, पण ते नसले तर शाहीर डफ घेऊन एकटाच उभा दिसेल. 'तुरुतुरु' ही मला तरी शहरी कपडे घातलेली झीलच वाटते. आणखी एक सांगते, तुम्ही अमळनेरकडचे म्हणून. शाहीर साबळे मूळचे वाईजवळच्या पसरणीचे, पण पोरवयात शिकायला अमळनेरला होते आणि तिथंच त्यांना साने गुरुजींचा सहवास मिळाला. गुरुजींनी त्याआधी तिथल्याच प्रताप हायस्कूलात शिकवलं होतं. गुरुजींची 'खरा तो एकची धर्म' तुम्ही-आम्ही शाळेच्या ओळीत उभं राहून म्हटली. त्या ओळीतून बेसूर म्हणून कुणाला बाहेर काढल्याचं आठवतं?

(मला काढलं होतं, पण प्रार्थनेतून नव्हे. १५ ऑगस्टच्या समूहगीतातून. पाचवीत होते. एका बाईंनी हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." त्या दिवशी पुढे माइक होता. त्यानंतर वीसेक वर्षं मी आरतीतसुद्धा ओठच हलवले. शेवटी एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्यानं झोक्याशेजारी उभी असलेली बघून विचारलं, "तुले येत नही का? मंग तू मांगे म्हन." 'आथानी कैरी तथानी कैरी' मी तेव्हा मांगे मांगे म्हटलं. झोका उंच गेला की आवाजही उंच जायचा, सुराचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.)

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. माझी भाची अमेरिकेत बोस्टनला असते. तिकडच्या फेनवे पार्क मैदानावर बेसबॉलचा सामना असला की आठव्या डावाच्या मध्यंतरात नील डायमंडचं 'स्वीट कॅरोलाइन' लावतात. गाणं १९६९चं, आणि २००२पासून ते प्रत्येक सामन्याला वाजतं. त्यात नायिकेचं नाव घेतल्यावर गायक थांबतो आणि ब्रासची वाद्यं तीन ठोके देतात. ते तीन ठोके सगळं मैदान तोंडानं म्हणतं. पुढच्या एका रिकाम्या जागेत लोक 'छान, छान, छान' अशा अर्थाचे शब्द घालतात, आणि ते मूळ गाण्यात नाहीतच! लोकांनीच घातले, आता ते नसले तर गाणं अपुरं वाटतं. २०१३मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर काही दिवसांनी डायमंड स्वतः त्या मैदानावर येऊन ते गायले. माझी भाची गाण्याच्या बाबतीत माझ्यावरच गेली आहे. पण ती म्हणते, "मावशी, तिथं मी सुरात असते."

तर भाऊ, गाणं दोन कामाचं असतं. जळगावला दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथं आपण तोंड मिटून बसायचं, फार तर 'वा' म्हणायचं. तुमच्या विहीणबाई त्या गाण्यातल्या. तुमचं गाणं दुसरं, बसमधलं. एक मोठं आणि एक किरकोळ असं मी मानत नाही. पण बसमधलं गाणं तुम्ही मैफलीच्या जागेवर नेऊन ठेवलंत, हातात माइक घेऊन सगळ्यांना ऐकायला बसवलंत. तीस वर्षं तुम्ही शाहीर नव्हता, पहिला झीलकरी होता. पुतण्याच्या लग्नात तुम्हाला कुणीतरी शाहीर केलं.

आता लेकीकडे वळू. ती का नको म्हणाली हे मला इथं बसून सांगता येणार नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. विचारा. फक्त 'मी का गाऊ नको' असं विचारलंत तर ती गोड बोलून वेळ मारून नेईल. 'त्या दिवशी पुतण्याच्या लग्नात नेमकं काय झालं होतं?' असं विचारा. कदाचित त्या इमोजींपैकी एखादा तिला तुमच्याहून जास्त लागला असेल. कदाचित कारण अगदीच वेगळं असेल. एक शंका मला येते, राग मानू नका. गाण्यात एका मुलीची चाल, तिचे उडते केस, डोळ्यावरची बट असं सगळं आहे. ते म्हणताना तुम्ही बघत कुणाकडे होता? बसमध्ये वहिनी शेजारी असतील, त्यांच्याकडे बघून म्हटलं की सगळे हसायचे, त्या लाजायच्या. स्टेजवरून मात्र समोर दिसते ती पहिली रांग. पहिल्या रांगेत यंदा विहीणबाई असणार.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल स्पष्टच सांगते. डोकं दुखतंय म्हणून खोलीत बसणं सगळ्यांत वाईट. व्याही मंडळी चौकशी करत राहतील आणि लेकीला स्वतःच्या संगीतला संध्याकाळभर उत्तरं द्यावी लागतील. 'खर्च माझा' हेही नको. खर्चाच्या जोरावर फार तर वरण-बट्टी ठेवायची की पनीर, एवढं ठरवता येतं. आणि क्लास जरूर लावा, पण निवृत्तीनंतर. दोन महिन्यांत गळा तयार होत नाही, धास्ती मात्र पक्की होते. शिकायचं तर शिकण्यासाठी शिका, लग्नाची तारीख डोळ्यापुढे ठेवून नको.

त्यापेक्षा असं करून बघा. लेकीला सांगा, 'मी स्टेजवर चढणार नाही, माइक हातात घेणार नाही. पण गाणं होऊ दे.' मग जावयांना फोन करा. त्यांना म्हणा, ट्रॅक नको, तुमची पेटी हवी. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, पेटीवाला थांबतो. तुम्हाला झेपेल ती पट्टी ते फोनवरच काढून देतील, दोनदा म्हणून बघा. सासरे-जावयांनी लग्नाआधी बोलायला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही, निदान मानपानापेक्षा तरी बराच. पेटी जमलीच नाही, तर कराओकेच्या ॲपमध्ये पट्टी खाली घ्यायची सोय असते, एक-दोन घरं खाली घ्या.

गाणं नाचांच्या यादीत घालू नका. इव्हेंटवाल्यांचे बसवलेले नाच झाले, जेवणाला अजून वेळ आहे, माणसं घोळक्यानं उभी आहेत, ती वेळ चांगली. तुम्ही घोळक्यात मध्ये उभे राहा. 'ही चाल' म्हणा आणि थांबा. खरंच थांबा. सगळं कसब त्या थांबण्यात आहे. लोकांनी 'तुरुतुरु' म्हटलं की काम झालं, पुढची जबाबदारी त्यांची. पहिल्यांदा कुणी म्हणालंच नाही तर? म्हणून तुमच्या बँकेतल्या त्या सहलीच्या मंडळींना संगीतचं वेगळं बोलावणं करा आणि एका टेबलावर न बसवता लॉनभर पेरून ठेवा. तीस वर्षांची तालीम आहे त्यांची.

अंतरा विहीणबाईंना द्या. आधी विचारून, मानानं. शिकलेल्या माणसांची अशा समूहात पंचाईत होते. नीट गावं तर मिरवल्यासारखं दिसतं, गप्प बसावं तर नाक वर केल्यासारखं. त्यांना अंतरा मिळाला की त्यांचीही सोय होते, आणि एरवी अंतरा येतो कुणाला! त्यांनी तो गायचा, मुखड्याला सगळ्यांनी उचलायचं. दोन अंतरे बास. तिसऱ्यांदा मुखडा आला की हात जोडा आणि जेवायला चला म्हणा. आणि गाताना कृपा करून वहिनींकडे बघा.

तुमच्यासारखी आणखी पत्रं माझ्याकडे येतात, म्हणून दोन वाक्यं इतरांसाठी. भजनी मंडळात 'तू हळू म्हण' ऐकून घरी बसलेल्या आक्कांनी पुन्हा जावं आणि ज्या बाईचा आवाज पक्का आहे तिच्या अगदी शेजारी बसावं, कान लागला की गळा मागून येतो. शिक्षकांनाही तेच: मुलाला ओठ हलवायला सांगू नका, जागा बदला. आणि लग्नघरातल्या तरुणांनो, कराओकेवरचा काकांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी काकांना एकदा दाखवा.

एवढं सगळं ऐकूनही लेक नाहीच म्हणाली, तर भाऊ, संगीतला गाऊ नका. दिवस तिचा आहे. पण लॉन्सवर यायला तुमच्या गावाहून बस निघेलच. नवरी कारनं जाणार हे ठरलेलं असेल. तिला एवढंच विचारा, धरणगावपर्यंत तरी आमच्यासोबत बसमध्ये येतेस का. वेशीबाहेर पडल्यावर मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडेलच.